शेगडीचा धूर सरला म्हणजे धोका सरला नाही: मुलांना होणारी वायुबाधा आणि धुराची बाधा

थंडीत शेगडी आधी अंगणात पेटवतात. लाकूड धुमसतं, डोळे झोंबतात. पंधरा-वीस मिनिटांनी धूर सरतो, कोळसे रसरशीत लाल होतात, आणि 'आता चांगली झाली' म्हणून ती उचलून खोलीत आणतात. दार लावून घेतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या गारठ्यात हे चालतं, पाटणच्या वाड्यांवर चालतं, जत-आटपाडीच्या माळावरच्या वस्त्यांतही चालतं. चूक नेमकी इथेच होते.

धूर म्हणजे अर्धवट जळलेले काजळीचे कण आणि डांबरासारखा चिकट अंश. तो उडून गेला तरी लाल कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतच राहतो, उलट आता तो भरपूर निघतो. थराच्या तळाशी कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि मोनॉक्साइड बनून बाहेर पडतो. राखेखाली झाकून ठेवलेले निखारेही रात्रभर हेच करत असतात. म्हणजे शेगडी ज्या क्षणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, त्याच क्षणी ती खोलीत आणायला सगळ्यात वाईट असते.

या वायूला रंग नाही, वास नाही. तो झोंबत नाही, त्याने खोकला येत नाही. हवेपेक्षा तो अगदी किंचित हलका आहे, त्यामुळे खोलीभर सारखा मिसळतो. मूल जमिनीवर निजलंय की बाजेवर, याने फरक पडत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो न जळलेल्या गॅसचा असतो. बर्नरला हवा कमी पडून मोनॉक्साइड तयार होतो तेव्हा वास येत नाही. 'गॅसचा वास नव्हता' यावरून काहीच सिद्ध होत नाही.

दिव्याची परीक्षाही इथे लागू पडत नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, जुन्या विहिरीत आधी कंदील सोडून पाहतात, आणि त्या जागांसाठी ती सावधगिरी बरोबरच आहे. तिथे प्राणवायूच कमी असतो, म्हणून ज्योत विझते. कार्बन मोनॉक्साइडचं तसं नाही. माणूस दगावेल इतका वायू खोलीत असला तरी समई शांत तेवत राहते. नाक, डोळे आणि दिवा हे तिन्ही इथे फसवतात. चौथं फसवणारं यंत्र दवाखान्यात भेटतं, त्याबद्दल पुढे.

मुलांना ही वायुबाधा, म्हणजे या वायूची विषबाधा, आधी का होते? रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं त्याच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट या वायूला धरतं. एकदा जागा अडली की प्राणवायूला हिमोग्लोबिनच्या गाडीत जागाच उरत नाही, आणि उरलेला प्राणवायूही रक्त सहजासहजी सोडत नाही. मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, तान्हं बाळ ३० ते ६०. वजनाच्या मानाने मूल कितीतरी जास्त हवा आत ओढतं आणि त्याच्या शरीराची प्राणवायूची गरजही जास्त असते. म्हणून एकाच खोलीत आई नुसतं डोकं धरून बसलेली असते तेव्हा बाळ निपचित पडलेलं असू शकतं. पोटातल्या बाळाची अवस्था याहून नाजूक. आईला बरं वाटू लागल्यावरही त्याच्या रक्तातून हा वायू फार सावकाश निघतो.

ओळखायचं कसं

तान्ह्या बाळाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. ते आधी चिरचिर करतं, अंगावर प्यायला नको म्हणतं, एक-दोनदा ओकतं, आणि मग गप्प होतं. हे गप्प होणंच घात करतं, कारण घरच्यांना वाटतं, बाळ उबेला छान निजलं. अशा खोलीत निजलेल्या बाळाला हलवून जागं करून बघा. मान टाकत असेल, डोळे नीट उघडत नसतील, हातपाय लुळे लागत असतील तर ती झोप नव्हे.

मोठी मुलं डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं म्हणतात. चालताना झोकांड्या खातात, विसंगत बोलतात. याला पित्त म्हणतात, बाहेरचं खाल्लं म्हणतात, थंडीताप म्हणतात. पण ताप नसतो. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी होतं. अंगणात आणल्यावर तासाभरात हुशारी येते आणि आत गेल्यावर पुन्हा तेच सुरू होतं. घरातलं मांजर किंवा कुत्रंही सुस्त पडलेलं असेल तर शंका पक्की धरा. अंग लाल-गुलाबी दिसतं असं पुस्तकात असतं, पण ते क्वचित आणि फार उशिरा दिसतं. त्याची वाट पाहू नका.

एक जागा वेगळी सांगायला हवी, ती म्हणजे न्हाणीघर. गॅस गिझर चालू असताना मूल आत आंघोळीला गेलं आणि फिट येऊन पडलं, तर घरच्यांच्या डोळ्यांसमोर आकडीच येते. कांदा हुंगवला जातो, चप्पल नाकाशी धरली जाते, पुढे डोक्याचा स्कॅन होतो, काही वेळा फिटच्या गोळ्याही सुरू होतात. गिझरचा विषय निघतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच न्हाणीघरात दुसरं मूल जातं. न्हाणीघरात पहिल्यांदाच आलेली फिट किंवा भोवळ आणि तिथे गॅसवर चालणारा गिझर, एवढं जुळलं तर वायुबाधा आहे असंच धरून चाला. नाही असं डॉक्टरांना तपासून म्हणू द्या.

सापडल्यापासूनची पहिली दहा मिनिटं

आधी हाक मारून माणसं जमवा. एकटं आत शिरून दुसरं माणूस पडल्याचं अनेकदा घडतं, म्हणून आत जाणाऱ्याने बाहेर कोणाला तरी सांगूनच जावं. दार सताड उघडा, एक मोठा श्वास घ्या, आत जा, मूल उचला, बाहेर या. शेगडी विझवणं, खिडक्या उघडणं, गिझर बंद करणं हे सगळं मूल बाहेर आल्यावर. गॅसचा वास येत असेल तर दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावू नका, चालू असलेलं बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर पडा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. आगीच्या धुराने खोली भरली असेल तर मात्र हा एका श्वासाचा हिशेब चालत नाही, त्याचं पुढे सांगितलंय.

मुलाला ओसरीवर नव्हे, उघड्या अंगणात आणा. मग घरातली माणसं मोजा. शेजारच्या खोलीत निजलेली आजी, पाळण्यातलं दुसरं लेकरू, माडीवरचे पाहुणे यांच्यापैकी कोणी राहून गेलं का, ते पाहा.

मूल श्वास घेतंय का, छाती वर-खाली होते का, दहा सेकंद बघा. श्वास नीट आहे पण शुद्ध नाही, तर एका कुशीवर वळवा, हनुवटी किंचित वर करा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. फिट चालू असेल तरी कुशीवरच. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. लिंबूपाणी, साखरपाणी, मिठाचं पाणी यांचा इथे काही उपयोग नाही, आणि बेशुद्ध मुलाच्या घशात ते गेलं तर फुप्फुसात उतरतं.

श्वास नसेल किंवा मधूनच आचका दिल्यासारखा असेल तर लगेच तोंडाने श्वास द्या. बाळाच्या नाका-तोंडावर मिळून आपलं तोंड ठेवायचं. मोठ्या मुलाचं नाक चिमटीत धरून तोंडावर. छाती उचललेली दिसेल इतकाच श्वास, पाच वेळा. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर दाब. बाळाला दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी साधारण ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलाला तळहाताने ५ सेंटिमीटर, म्हणजे छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. वेग मिनिटाला १०० ते १२०. ३० दाब आणि २ श्वास, हे आलटून पालटून, मूल हालेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत.

दरम्यान दुसऱ्याने १०८ लावायचा. फोनवर नुसतं 'पोरगं बेशुद्ध आहे' म्हणू नका. सांगा: बंद खोलीत जाळ होता, मुलाचं वय एवढं, शुद्ध आहे की नाही, आणखी किती जणांना त्रास आहे, ऑक्सिजन लागणार आहे. तापोळा-बामणोलीकडून लाँचने यायचं असेल किंवा घाट उतरायचा असेल तर गाडीची वाट बघत न बसता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघा. तिथला ऑक्सिजन सिलिंडर मिळवणं हे पहिलं काम, मोठं रुग्णालय त्यानंतर.

आणि घड्याळातल्या दोन वेळा लिहून ठेवा, हातावर लिहिल्या तरी चालेल: मूल किती वाजता सापडलं आणि किती वाजता बाहेर आणलं. का, ते आता कळेल.

दवाखान्यात काय सांगायचं, काय पाहायचं

दारातच पहिलं वाक्य हे: 'बंद खोलीत शेगडी होती', किंवा 'गॅस गिझर चालू होता'. ही एक ओळ सगळी दिशा बदलते.

आता ते चौथं फसवणारं यंत्र. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर रक्ताचा रंग बघून आकडा सांगतं, आणि मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू धरलेल्यासारखंच दिसतं. मूल तळमळत असताना ते ९८ दाखवतं. धमनीतल्या रक्तातल्या प्राणवायूचा दाबही नेहमीसारखाच येतो. म्हणून 'ऑक्सिजन ९८ आहे, मास्क काढा' हे वायुबाधेत चुकीचं आहे. हवी असते ती कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे मोनॉक्साइड धरलेल्या हिमोग्लोबिनची तपासणी. मोठ्या अतिदक्षता विभागांतल्या ज्या रक्तवायू यंत्रात को-ऑक्सिमेट्रीची, म्हणजे हे हिमोग्लोबिन वेगळं मोजण्याची सोय असते त्यावर ती काही मिनिटांत होते, आणि शिरेतलं रक्तही चालतं. साध्या माणसात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत असतं, विडी-सिगारेट ओढणाऱ्यात १० पर्यंत जातं. तपासणीची सोय नसेल तर तिच्यासाठी ऑक्सिजन अडवून ठेवायचा नाही. हकिगत पुरेशी आहे.

उपचार एकच आणि साधा: शंभर टक्क्यांच्या जवळ जाणारा ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातलं हे प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ६ तास लागतात, खाली पिशवी असलेल्या ऑक्सिजन मास्कने ६० ते ९० मिनिटं. म्हणूनच ती लिहून ठेवलेली वेळ. तीन तासांनी पोचलेल्या मुलाचा आकडा १२ आला तर तो सौम्य नव्हे, सुरुवातीला तो याच्या दीडपटीच्या आसपास असणार, हे डॉक्टरांना वेळेवरून कळतं. आकडा आणि मुलाची अवस्था तशीही नेहमी जुळत नाहीत.

मास्क कसला, हे नातेवाइकांनाही बघता येतं. खाली पिशवी लटकणारा, एकेरी झडपांचा मास्क हवा. फ्लो मिनिटाला १० ते १५ लिटर. श्वास आत घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. मास्क मुलाच्या मापाचा हवा. मोठ्या माणसाचा लावला तर कडेने साधी हवा शिरते आणि अर्धा फायदा जातो. नाकातल्या नळीने किंवा घरगुती कॉन्सन्ट्रेटरने हे काम भागत नाही, पण दुसरं काही नसेल तर काहीच नसण्यापेक्षा तेही लावा.

सिलिंडरचा हिशेब निघण्याआधीच करा. बी टाइपच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर असतो: १० लिटरने अडीच तास, १५ लिटरने शंभर मिनिटं. मोठ्या डी टाइपमध्ये ७००० लिटर, म्हणजे १० लिटरने साडेअकरा तास. महाबळेश्वरहून केळघर घाटाने साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात यायचं, किंवा जतच्या पूर्वेकडून मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचं, तर काटा अर्ध्यावर आलेला सिलिंडर घेऊन निघणं म्हणजे वाटेतच तो संपवणं.

ऑक्सिजन साधारण सहा तास तरी, आणि लक्षणं पूर्ण जाईपर्यंत. गरोदर बाईला तिचं डोकं दुखणं थांबल्यावरही बराच जास्त वेळ, पोटातल्या बाळासाठी. डॉक्टर ईसीजी काढतात, रक्तातली साखर बघतात, कारण मेंदूबरोबर हृदयालाही मार बसतो. हवेचा दाब वाढवलेल्या बंद कक्षातला ऑक्सिजन उपचार रक्तातल्या मोनॉक्साइडचं प्रमाण अर्ध्या तासाच्या आत निम्म्यावर आणतो, पण अशा सोयी मोठ्या शहरांत मोजक्याच आहेत. बेशुद्ध झालेलं मूल, फिट आलेलं मूल, गरोदर बाई यांच्याबाबत डॉक्टर त्याचा विचार करतात. तिथे न्यायचं ठरलं तरी मुलाचा मास्क क्षणभरही निघता कामा नये.

आगीचा धूर: इथे घसाही भाजतो

आगीतून काढलेल्या मुलाला मोनॉक्साइडची बाधा असतेच असं धरायचं, पण त्यावर आणखी दोन गोष्टी असतात.

पहिली श्वासनलिकेची सूज. तान्ह्या बाळाची श्वासनलिका जेमतेम ४ मिलिमीटर रुंद असते. आतून सगळीकडे १ मिलिमीटर सूज आली की हवेला जायला पूर्वीच्या चौथा हिस्सा जागा उरते. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली तर निम्म्याहून अधिक जागा शिल्लक असते. आणि ही सूज लगेच येत नाही, काही तासांत चढते. आगीतून बाहेर आलेलं मूल बोलतं, पाणी मागतं, घरचे देवाला हात जोडतात, आणि पहाटे त्याचा आवाज बसतो, श्वास घेताना करकर सुरू होते. म्हणून बंद जागेतल्या आगीचा धूर लागलेल्या मुलाला, ते कितीही ठणठणीत दिसलं तरी, २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली ठेवायचं.

थांबायला वेळ नाही हे सांगणाऱ्या खुणा: आवाज घोगरा झालेला किंवा रडणंच बारीक झालेलं, नाकपुड्यांत काजळी, नाकातले केस किंवा भुवया करपलेल्या, काळी थुंकी, ओठ सुजलेले, लाळ गिळता न येणं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं. यातलं एक दिसलं तरी मुलाला आडवं झोपवू नका. मांडीवर बसतं ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका, घशात बोट घालून बघू नका. रुग्णालयात डॉक्टर श्वासनळीत नळी घालायची म्हणाले तर 'अजून बरा आहे की' म्हणून अडवू नका. सूज वाढल्यावर ती नळी जातच नाही.

दुसरी गोष्ट सायनाइड. फोमची गादी, सोफा, नायलॉन, लोकर जळताना सायनाइडचा वायू निघतो. पूर्वीच्या गोधडीच्या घरापेक्षा आजच्या फोमच्या घरातला धूर यामुळे अधिक जहरी आहे. काय काय जळलं हे डॉक्टरांना नावानिशी सांगा. मूल ऑक्सिजन देऊनही शुद्धीवर येत नसेल, रक्तदाब पडत असेल, रक्तातलं लॅक्टेट (पेशींना प्राणवायू वापरता आला नाही की वाढणारा घटक) फार वर गेलं असेल तर त्यावरचं औषध द्यायचं की नाही हे ते त्यावरून ठरवतात.

भाजलेल्या जागेवर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. लहान बाळ लवकर गार पडतं, म्हणून भाजलेला भाग तेवढा पाण्याखाली, बाकी अंग कोरड्या कपड्यात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काहीही नको.

आगीच्या वेळी दोन गैरसमज जिवावर येतात. ओलं फडकं नाकाला धरलं की वायू गाळला जातो असं वाटतं. फडकं काजळी अडवतं, मोनॉक्साइड सरळ आत येतो. म्हणून फडकं धरायचं ते बाहेर पडताना. धुराने भरलेल्या खोलीत आत शिरण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका, अग्निशमनाचा १०१ लावा. दुसरा गैरसमज, मूल स्वतः बाहेर पळेल. चार-पाच वर्षांचं मूल आग पाहून लपतं, बाजेखाली, कपाटात, कणगीमागे. जवानांना ते कुठे लपत असेल, हे आईने सांगायचं असतं. मुलांना आधीच शिकवा: धूर दिसला की खाली वाकून, रांगत दाराकडे, आणि बाहेर ठरलेल्या एका झाडाखाली.

बाळंतिणीची खोली

दक्षिणेचं वारं लागेल म्हणून फटीसुद्धा चिंधीने बुजवलेली खोली, बाजेखाली शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशेपा, धूप टाकून बाळाला धुरी. यामागची माया खरी आहे आणि बाळाला ऊब हवी हेही खरंच आहे. अडचण एवढीच की, मिनिटाला पन्नास श्वास घेणाऱ्या जिवाच्या थेट खाली निखारा ठेवला जातो. आजीशी वाद घालून हे थांबत नाही. दुसरा शेक हातात दिला तर थांबतं.

स्वयंपाकघरात तवा तापवा, सुती फडक्याच्या घड्या तव्यावर गरम करा, मनगटावर लावून बघा, आणि ते फडकं खोलीत नेऊन आईला शेका. ऊब आत जाते, विस्तव बाहेर राहतो. बाळासाठी सगळ्यात खात्रीची ऊब म्हणजे आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून पांघरूण, डोक्याला टोपडं, पायात मोजे. कमी वजनाच्या बाळांना रुग्णालयातही असंच ठेवतात. धुरीने जंतू मरतात, सर्दी पिकते हे खरं नाही. बाळाच्या कोवळ्या फुप्फुसाला धूर नुसता जाचतो. आशा ताई बाळाला बघायला येतात तेव्हा बाजेखाली वाकून बघण्याची सवय लावून घेतली तर फार चांगलं.

न्हाणीघर

मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गॅस गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो, आणि एक किलो गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच बाय चार फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर म्हणजे साडेचार घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर वीस-बावीस मिनिटांत आतल्या सगळ्या हवेचा हिशेब संपतो. पण तिथवर जावंच लागत नाही. हवेतला प्राणवायू थोडा घटला की ज्योत बिघडते आणि मोनॉक्साइड निघू लागतो, तोही काही मिनिटांतच. घरात एकामागून एक आंघोळी होतात आणि मुलांचा नंबर शेवटी लागतो, तेव्हा मुलं साचलेला वायू घेतात.

गिझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या भिंतीवर बसवा आणि पाणी पाइपने आत आणा. खरा उपाय हाच. तोवर रीत अशी: दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्यायच्या, गिझर बंद, पाच-दहा मिनिटं दार-खिडकी उघडी, मग मुलाला आत न्यायचं. मुलाने आतून कडी लावायची नाही. गिझर चालू असताना एग्झॉस्ट फॅनवर भरवसा ठेवू नका. दार बंद असेल तर बाहेरून हवा यायला वाट नसते आणि फॅन गिझरची वर जाणारी वाफ-वायू परत खाली ओढू शकतो. दाराच्या तळाशी जाळीची फट आणि वर उघडा झरोका, अशा दोन वाटा लागतात. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली किंवा वर काजळी धरली तर बर्नरमध्ये धूळ किंवा कोळ्याचं जाळं बसलंय. गिझर त्या दिवसापासून बंद, साफ करून घेतल्यावरच चालू. थंडीच्या आधी, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, एकदा हे काम उरकून घ्यावं.

तांब्याचा बंब आतच पेटवत असाल तर तो परसात न्या. पाणी तापल्यावर खालचे निखारे बाहेर ओढून पाणी मारून विझवा.

कोपी, पंप, गाडी

गाळप हंगाम आणि थंडी एकाच महिन्यांत येतात. उसाच्या फडाशेजारची कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, पाचटाची असली तरी वरून ताडपत्री किंवा प्लास्टिक टाकलेलं असतं, म्हणजे ती हवाबंद आणि पटकन पेट घेणारी, दोन्ही. चूल कोपीपासून दहा पावलं दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. रात्री घमेल्यात निखारे घेऊन कोपीत झोपणं पूर्ण बंद. दाराच्या समोरची बाजू आतून ढकलून उघडेल अशी ठेवा, बाहेर पाण्याची भरलेली बादली. पहाटे तोडीला जाताना लेकरं कोपीत निजवून बाहेरून दार बांधू नये. टोळीतल्या एका बाईने मागे थांबावं, आणि मुकादमाने तिचा रोज धरावा.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीतल्या तळघरांतून पंपाने पाणी काढावं लागलं, वीज नसल्याने जनरेटर चालले. पेट्रोलचा पंप किंवा जनरेटर तळघरात, पार्किंगमध्ये, जिन्याखाली कधीच नाही. घराच्या दार-खिडकीपासून वीस फूट दूर, धुराचं तोंड घराकडे पाठ करून. बंद शेडमध्ये एसी लावून चालू ठेवलेल्या गाडीत मूल निजवणंही तितकंच वाईट.

अलार्म मिळतात. घेताना तो कार्बन मोनॉक्साइडचा आहे ना, नुसत्या धुराचा किंवा एलपीजी गळतीचा नाही ना, ते बघा. ईएन ५०२९१ ही युरोपीय मानकाची खूण शोधा. तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांत. निजायच्या खोलीत उशीच्या उंचीच्या आसपास लावा, न्हाणीघरात नको, वाफेने बिघडतो. आतला सेन्सर काही वर्षांनी थकतो, मागे छापलेली तारीख उलटली की बदला. पण अलार्म आहे म्हणून शेगडी आत आणता येत नाही.

घरी आल्यावर

ज्या खोलीत हे झालं ती खोली आणि ते उपकरण दुरुस्त होईपर्यंत मुलाला तिथे परत झोपवू नका. शुद्धीवर आलेल्या काही जणांमध्ये मेंदूचा त्रास नंतर डोकं वर काढतो, दोन दिवसांपासून चाळीस दिवसांपर्यंत कधीही. मूल चिडचिडं किंवा एकदम गप्प होतं, पाठ असलेलं विसरतं, अक्षर बिघडतं, चालताना अडखळतं, अंथरूण ओलं करणं सुटलेलं असतं ते पुन्हा सुरू होतं. घरचे याला भीती बसली म्हणतात, कोणी उतारा टाकतात. म्हणून रुग्णालयातून निघताना दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी परत दाखवायची तारीख कागदावर लिहून घ्या, आणि वर्गशिक्षकांना झालेली गोष्ट सांगून ठेवा. वहीतला बदल बहुतेक वेळा त्यांनाच आधी दिसतो.